दंगा रिकाम्या मिनिटांत होतो

आमच्या बी.एड. स्पेशलच्या, म्हणजे विशेष मुलांना शिकवायच्या कोर्सच्या, बॅचमध्ये मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे इंटर्नशिपची शाळा ठरायच्या आधीच माझं काम ठरून गेलं होतं. ‘सर आलेत ना, आता मोठ्या मुलांची काळजी नाही,’ हे शाळेत पाऊल टाकल्या टाकल्या कानावर आलं. म्हणजे कुणी अंगावर धावून गेलं, कुणी जमिनीवर लोळण घेतली, कुणी फाटकाकडे सुसाट सुटलं, की मी जाऊन धरायचं. माझी उंची बेताची, वजन त्याहून बेताचं. तरी पॅन्ट-शर्टातला माणूस म्हणजे बंदोबस्त, ही समजूत काही केल्या जात नाही.

मी इंदूरचाच. रामबागेत वाढलो. घरात मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी. बी.एस्सी. झाल्यावर भंवरकुआँच्या एका कोचिंगमध्ये गणित शिकवत होतो. या कोर्सला का आलात, घरात कुणी असं मूल आहे का, असं प्रत्येक जण विचारतो. नाही. कोचिंगच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावरच्या पोरांची तोंडंही मला ओळखू येत नसत, आणि कुणाला काय समजलं हे परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कळत नसे. एक मूल एक गोष्ट कशी शिकतं ते जवळून बघावं, असं वाटत होतं. कारण एवढंच.

हा कोर्स भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या मान्यतेचा, दोन वर्षांचा. त्यात एक शाखा निवडावी लागते. मी बौद्धिक अक्षमता घेतली. विशेष शाळेत इयत्ता नसतात, गट असतात: प्री-प्रायमरी, प्रायमरी, सेकंडरी आणि प्री-व्होकेशनल, म्हणजे कामधंद्याच्या तयारीचा. ही विभागणी सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची. १९८४ साली ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव एनआयएमएच होतं, आता एनआयईपीआयडी. मला प्रायमरी गट मिळाला. दहा मुलं, वयं सात ते अकरा. कुणी डाउन सिंड्रोमचं, कुणी स्वमग्न, एका मुलीला सेरेब्रल पाल्सीमुळे चालायला वॉकर, आणि बाकीच्यांच्या कागदांवर नुसतं ‘मध्यम’ किंवा ‘सौम्य’ असा एक शब्द. वर्गाच्या बाई, म्हणजे माझ्या मार्गदर्शक मॅडम, एक मदतनीस दीदी आणि मी. मुलांची नावं इथे लिहीत नाही, शाळेचंही नाही.

कॉलेजात वर्तनसमस्यांसाठी ‘बेसिक-एमआर’ नावाची मापनश्रेणी शिकवतात. १९९२ सालची, भारतीय मुलांसाठी म्हणून सिकंदराबादेतच तयार झालेली. पहिल्या भागात मुलाला काय काय येतं याच्या २८० बाबी. दुसऱ्या भागात वर्तनसमस्यांच्या ७५, दहा शीर्षकांखाली: मारणं-मोडणं, आकांडतांडव, स्वतःला इजा करणं, तेच तेच करत राहणं, अतिचंचलता, भीती वगैरे. कधीच करत नसेल तर शून्य, अधूनमधून करत असेल तर एक, वारंवार करत असेल तर दोन. मी दहाही मुलांचे तक्ते भरले, बेरजा केल्या, फाइलला रंगीत कडा काढल्या (कॉलेजला कडा लागतात, त्याशिवाय फाइल तपासतच नाहीत बहुतेक). मॅडमनी फाइल चाळली आणि विचारलं, “हे कब होता है?”

मूल काय करतं आणि किती वेळा करतं हे त्या तक्त्यात होतं. कधी, ते नव्हतं.

त्यासाठी एबीसी तक्ता असतो. वर्तनाच्या आधी काय घडलं, मुलानं नेमकं काय केलं, आणि त्यानंतर काय झालं, असे तीन रकाने. मॅडमनी माझ्या कोऱ्या तक्त्यावर पेन्सिलीने चौथा रकाना आखला: वाजले किती. आणि एक ताकीद दिली, की ‘चिडला’, ‘हट्ट केला’, ‘मूड नव्हता’ असलं काही लिहायचं नाही. डोळ्यांना दिसलं तेवढंच. ‘डाव्या हाताने शेजारच्या मुलीची वेणी ओढली, साधारण तीन सेकंद’ असं. कोचिंगमध्ये फळ्यावर समीकरणं लिहिणाऱ्याला हे लिखाण सोपं जाईल असं वाटलं होतं. पण ‘उगाचच रडायला लागला’ यातला ‘उगाचच’ हाताला लागलेला असतो, तो सुटायला वेळ लागतो.

तक्ते साठत गेले तसा घड्याळाचा रकाना बोलायला लागला. दंगा दिवसभर पसरलेला नव्हता. त्याचे ढीग होते. साडेनऊला पहिली व्हॅन येते आणि दहाला प्रार्थना होते, त्या अर्ध्या तासात एक ढीग. प्रार्थना संपते आणि चटया पसरून होतात, तिथे दुसरा. डबा खायच्या आधी हात धुवायला रांग लागते, तिथे सगळ्यात मोठा. मग दुपारी दप्तरं पाठीवर चढतात आणि व्हॅनचा हॉर्न वाजेपर्यंत सगळे दाराशी उभे असतात, तिथे शेवटचा. ज्या वेळात प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं, मणी, चिमटे, ठोकळे, काहीही, तेवढ्या वेळात तक्ता जवळजवळ कोरा.

रांगेचंच घ्या. नळ एक, मुलं दहा. एका मुलाचे हात धुऊन-पुसून व्हायला एक मिनिट धरलं तरी शेवटच्या मुलाला नऊ मिनिटं नुसतं उभं राहायचं आहे. डब्याचा वास येतोय, पुढचा मुलगा पाण्याशी खेळतोय, आणि आपण का उभे आहोत ते सांगणारं काहीही समोर नाही. कोचिंगमधल्या मुलांना ‘पाच मिनिटं थांबा’ म्हटलं की ती मोबाइल काढत, मित्राशी बोलत, छताकडे बघत स्वप्नं रंगवत. रिकामा वेळ घालवायची त्यांच्याकडे पोतंभर साधनं होती. आमच्या मुलांकडे आहे ते फक्त अंग. मग ते हलतं, डुलतं, चावतं, पुढच्याला ढकलतं. ढकललं की सर धावत येतात, म्हणजे निदान काहीतरी घडतं.

मला धरायला बोलावलं जायचं ते याच मिनिटांत, हे कागदावर दिसल्यावर मला माझ्या नेमणुकीचा अर्थ कळला. वेळापत्रकात जिथे भोक होतं तिथे मला उभं केलेलं होतं.

मग आम्ही भोकं बुजवायला घेतली. रांग बंद. दोघं नळावर, बाकीचे डब्याच्या झाकणांच्या जोड्या लावत बसतील, चमचे वाटतील, वॉकरवाली मुलगी पाण्याच्या बाटल्यांवरची चित्रं बघून ज्याची त्याच्यापुढे ठेवेल. सकाळी येईल त्याने आपला फोटो ‘घर’च्या पाटीवरून काढून ‘शाळे’च्या पाटीवर चिकटवायचा आणि सरळ आपल्या टोपलीपाशी जायचं. टोपलीत आदल्या दिवशी जमलेलं, सोपं काम. नवं काही नाही. मुलाला येतं तेच. दप्तरं पाठीवर चढवायची ती हॉर्न वाजल्यावर, आधी नाही. यातलं काहीच पुस्तकात ठळक अक्षरांत नाही. दीदी मात्र हे केव्हापासून सांगत होत्या. “खाली बिठाओगे तो लड़ेंगे ही,” हे त्यांचं वाक्य मी पहिल्या दिवसांत ऐकलं होतं आणि फाइलमध्ये मात्र घेतलं नव्हतं, कारण त्याला संदर्भग्रंथ नव्हता.

चित्रांचं वेळापत्रक ही पद्धत टीच कार्यक्रमातून आलेली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी १९७२ मध्ये स्वमग्न मुलांसाठी तो सुरू केला. मूळ कल्पना अशी, की तोंडी सूचना हवेत विरते, चित्र समोर राहतं. आता काय, मग काय, आणि संपलं हे कसं ओळखायचं, हे मुलाला डोळ्यांनी कळावं. बाहेर याचे तयार संच मिळतात आणि त्यांच्या किमती बघून आमच्यासारख्यांनी गप्प बसावं. मी खजुरी बाजारातून पुठ्ठा आणि वेल्क्रोची पट्टी आणली, चित्रांऐवजी आमच्याच वर्गातल्या वस्तूंचे फोटो काढले आणि भंवरकुआँला लॅमिनेट करून घेतले. दुकानदाराने डबा, नळ, चटई, संडासाचं दार असे फोटो बघून “भिया, ये कौन-सी एग्जाम का है?” असं विचारलं.

फोटो सगळ्यांना चालले नाहीत. दोघांना कागदावरचा डबा आणि खरा डबा यांचं नातं लागत नव्हतं. त्यांच्यासाठी मॅडमनी वस्तूच टांगल्या: चमचा म्हणजे जेवण, टॉवेलचा तुकडा म्हणजे हात धुणं, चेंडू म्हणजे मैदान. वस्तू हातात घ्यायची, ती घेऊनच तिथवर जायचं, पोचल्यावर टोपलीत टाकायची. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना लोळण घेणारा मुलगा चमचा मुठीत धरून चालत जाताना मी पहिल्यांदा बघितला, तेव्हा त्याला धरून नेण्यात माझे खांदे किती दुखायचे ते आठवलं.

आता खिडकीजवळच्या मुलाबद्दल. नऊ वर्षांचा, स्वमग्न, बोलणं नाही. त्याच्या जुन्या फाइलीत लिहिलेलं होतं: मोठ्या आवाजाने अस्वस्थ होतो, मनगट चावतो. आणि इंदुरात रोजचा मोठा आवाज म्हणजे कचरागाडीचं गाणं. स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर २०१७ पासून लागायला लागला तेव्हापासून हे गाणं न ऐकता इथे कुणाची सकाळ होत नाही. आमच्या शाळेमागच्या गल्लीत गाडी सव्वादहाच्या सुमाराला यायची. म्हणून सव्वादहाला खिडकी बंद करायची, असा वर्गाचा शिरस्ता होता. दीदी न चुकता उठून कडी लावत. आणि तो मुलगा बहुतेक रोज साडेदहाच्या आत मनगट तोंडात घालत असे. मनगटावर कातडी जाड झालेली होती, टाचेसारखी.

माझ्या तक्त्यात एक गोष्ट खटकत होती. काही दिवस तो चावत नव्हता, आणि ते शांततेचे दिवस नव्हते. एकदा खिडकीच्या कडीचा स्क्रू निघाला होता, खिडकी सताड उघडी, गाणं पूर्ण आवाजात. तो उठला, गजांना कपाळ टेकवून उभा राहिला, गाडी गेली तसा वळून आपल्या जागी आला आणि टोपली ओढली. उलट एका सुट्टीनंतर गाडी आलीच नाही, खिडकी उघडी होती, आवाज काहीच नव्हता, आणि त्या दिवशी त्याने रक्त काढलं. ‘आधी काय घडलं’ या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. घडलं काहीच नव्हतं.

त्याची आजी शनिवारी त्याला न्यायला यायची. सुदामानगरचं मराठी घर, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायला तिला हुरूप. मी सहज विचारलं, “आजी, घरी कचरागाडी येते तेव्हा हा काय करतो?”

“अहो सर, काय करतो म्हणजे? तोच तर जातो ना बादली घेऊन. आजोबांबरोबर. साडेसातला गाडी येते आमच्याकडे. ओला कुठे, सुका कुठे, त्याला सगळं पाठ आहे. आजोबा चुकले तर हात धरतो त्यांचा.”

“आणि गाडी नाही आली तर?”

“नाही आली तर मग आमचं काही खरं नाही त्या दिवशी,” आजी म्हणाली. “तुम्हाला नव्हतं का सांगितलं कुणी?”

कुणी विचारलंच नव्हतं. घरी काय येतं, काय आवडतं, हे प्रवेशाच्या फॉर्मात दोन ओळींत भागवलेलं असतं. या घरात एक न बोलणारा मुलगा रोज कचऱ्याचं वर्गीकरण करत होता आणि आमच्याकडे त्याच्या वैयक्तिक शिक्षण योजनेत, आयईपीत, ‘लाल व निळा ठोकळा वेगळा करणे’ हे तिमाहीचं उद्दिष्ट होतं.

सोमवारपासून खिडकीची कडी काढून टाकली. वर्गाच्या दोन बादल्या त्याच्या ताब्यात आल्या. गाणं ऐकू आलं की तो आणि दीदी मागच्या फाटकाशी जायचे, गाडीवरचा माणूस “आ गए साहब” म्हणायचा, बादल्या रिकाम्या व्हायच्या, तो परत यायचा. लाल-निळ्या ठोकळ्यांऐवजी कागद, केळ्याची साल, प्लॅस्टिक. गाडी न येण्याच्या दिवसांचा प्रश्न उरला होता. मोबाइलवर ते गाणं लावू का, असं मी विचारलं. मॅडम नाही म्हणाल्या: मग तो गाडीऐवजी तुमच्या मोबाइलची वाट बघेल. त्याऐवजी त्याच्या पट्टीवर गाडीचा फोटो आला, आणि त्यावर टाकायला एक पारदर्शक पट्टी, लाल फुलीची. गाडी नाही आली तर घंटा वाजवून फुली टाकायची, बादल्या मागच्या फाटकापर्यंत न्यायच्या आणि परत आणायच्या. हे त्याला पटायला बरेच आठवडे गेले. अजूनही गाडी फार उशिरा आली तर मनगट तोंडाकडे जातंच. पण ती जाड कातडी आता सोलून निघाली आहे, खालची नवी कातडी गुलाबी दिसते.

दुर्लक्ष करण्याबद्दल माझं मत वेगळं झालं आहे. पुस्तकात ‘नियोजित दुर्लक्ष’ फार झटकन येतं: मूल लक्ष वेधायला ओरडत असेल तर बघू नका. मान्य. पण आधी ते लक्षच वेधतंय हे ठरवा. साधारणपणे कारणं चार मोजतात: कुणाचं तरी लक्ष हवं, एखादी वस्तू हवी, समोरचं काम टाळायचं, किंवा त्या कृतीतच सुख. आमच्या वर्गात एक मुलगी मणी ओवायला बसवलं की किंचाळायची. आधीच्या प्रशिक्षणार्थीने तिला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवायची पद्धत पाडली होती, टाइम-आउट म्हणून. ती खुर्चीत जाऊन मजेत पाय हलवत बसायची. मणी टळले, आणखी काय हवं? शिक्षा म्हणून दिलेली खुर्ची तिचं बक्षीस होती.

कार आणि ड्यूरँड या दोघांचं १९८५ सालचं एक काम आम्हाला अभ्यासाला होतं: त्रासदायक वर्तन जे काम साधतं तेच साधणारा दुसरा, सोपा मार्ग मुलाला शिकवा. आम्ही तिला तळहात टेबलावर उताणा ठेवायला शिकवलं. त्याचा अर्थ ‘बस, जरा थांबू’. हात ठेवला की मणी लगेच बाजूला, मग थोड्या वेळाने परत. आणि किंचाळलीस तर मणी समोरच राहणार. हे दुसरं ऐकायला सोपं आहे. जुना उपाय चालेनासा झाला की मूल आधी तोच उपाय दुप्पट जोराने करून बघतं. पुस्तकात याला विलोपनाचा स्फोट म्हणतात. त्या आठवड्यात ती अशी काही किंचाळली, की ऑफिसात फी भरायला आलेले पालक वर्गाच्या दारात जमले आणि मुख्याध्यापिकांनी मला बाहेर बोलावून विचारलं, “सर, आप कर क्या रहे हो अंदर?” मणी ओवतोय, मी म्हणालो. अशा वेळी मॅडम पाठीशी नसत्या तर मी दुसऱ्याच दिवशी खुर्ची परत आणली असती. म्हणून ही पद्धत एकट्या प्रशिक्षणार्थीने सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. अर्ध्यावर सोडली तर मुलाला एवढंच कळतं, की आणखी जोरात ओरडायला हवं.

बक्षिसांचं आमच्याकडे सोपं आहे, शहर इंदूर आहे. लौंगी शेवेचा एकेक तुकडा चिमटीत धरून मी किती कामं करून घेतली ते सांगत नाही. पण पोट भरलं की शेवेचा भाव उतरतो, शिवाय एका आईने डॉक्टरांचा कागदच आणून दाखवला: तळलेलं बंद. मग प्रीमॅकचा नियम. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडला, आणि प्रत्येक घरातल्या आजीला तो आधीपासून ठाऊक आहे: आधी भाजी संपव, मग श्रीखंड. जे करायला आवडतं ते, जे आवडत नाही त्याच्यानंतर ठेवायचं. एकाला पंख्याचं बटण चालू-बंद करायला आवडतं, एकीला माझ्या शर्टाचा खिसा तपासायला. खिशात मी मुद्दाम दर वेळी काहीतरी वेगळं ठेवायला लागलो. गुणांचे तारे आणि टोकन मात्र या गटात मला फारसे उपयोगी वाटले नाहीत. आज पाच तारे जमवले की शनिवारी गोष्ट, यातला शनिवार म्हणजे काय तेच जिथे माहीत नाही तिथे तारा म्हणजे चिकटणारा कागद.

आणि धरण्याबद्दल. मी धरलं आहे, नाही असं नाही. मूल रस्त्याकडे पळत असताना तक्ता भरत कोणी बसत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि ती विशेष शाळेच्या दाराशी थांबत नाही. पण कायद्यापेक्षाही एक साधी गोष्ट आहे. प्री-व्होकेशनल गटात सोळा वर्षांचा एक मुलगा आहे, माझ्याहून टीचभर उंच. डबा झाल्यावर तो दारावर लाथा घालायचा आणि मला निरोप यायचा. त्या वेळात त्यांच्या बाई वह्यांमध्ये पालकांसाठी नोंदी लिहीत. त्याला रोज त्याच वेळी पाण्याचे कॅन पोचवायचं काम दिलं, सगळ्या वर्गांत. दारावरच्या लाथा थांबल्या आणि वीस किलोचा कॅन तो असा उचलतो, की मी त्याला कुठल्या भरवशावर धरणार होतो याचं आता मला हसू येतं.

अभ्यासक्रमात काही काळ सर्वसाधारण शाळेतही जावं लागतं. तिथलं लिहिण्यासारखं थोडं आहे. वर्ग खचाखच, विशेष मूल शेवटच्या बाकावर, आणि वर्गशिक्षिका स्वभावाने चांगल्या असूनही त्यांच्या हातात वेळ म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरामागे एक विशेष शिक्षक असावा, असं ठरवलं. त्या शाळेत एकही नव्हता. मी होतो तेवढे दिवस मी होतो.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सुट्टीच्या दिवशी असली तरी तिची धग आधीच सुरू होते: ढोल, रंगाची पाण्याची बंदूक घेतलेली पोरं, व्हॅनचे बदललेले रस्ते. मॅडमनी चार दिवस आधीपासून वर्गात एक छोटी ढोलकी आणली, रोज जरा जास्त वेळ, दाराच्या जरा जास्त जवळ. ज्याला नको त्याला कानावर लावायचे मफ. एवढ्याने सगळं आलबेल झालं नाही, पण व्हॅनमधून कुणी उडी मारली नाही.

शेवटी परीक्षेचा पाठ. बाहेरचे परीक्षक येणार साडेदहाला. पाठाचा विषय मटार सोलणे आणि दाणे-सालं वेगळी करणे, थंडीचे दिवस होते. साडेदहा वाजले, परीक्षक नाहीत. कॉलेजच्या समन्वयक म्हणाल्या, सर, मुलांना तसंच बसवून ठेवा, मटार हलवू नका, ते येतील एवढ्यात. मी मटार वाटून टाकले. परीक्षक आले तेव्हा अर्धी परात सोलून झाली होती, खिडकीजवळचा मुलगा सालं ओल्या कचऱ्याच्या बादलीत भरत होता आणि वॉकरवाली मुलगी दाणे खात होती. “प्रस्तावना कहाँ है?” त्यांनी विचारलं. मी पुन्हा एकदा प्रस्तावना केली, उद्दिष्टं सांगितली, फळ्यावर तारीख लिहिली. मुलांनी मान वर केली नाही. तोंडी परीक्षेत त्यांनी वर्गव्यवस्थापनाच्या पद्धती विचारल्या, मी घड्याळाचा रकाना दाखवला. ते जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले की हे ठीक आहे, पण पाठ ३५ मिनिटांत बसवायला हवा होता. गुण बरे दिले.

आता निकाल लागला, की पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव घालायचं; त्या नंबराशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. शाळेतून निघताना पुढच्या प्रशिक्षणार्थीसाठी मॅडमनी चिठ्ठी लिहून ठेवायला सांगितलं. मी हिंदीत लिहिली, ती साधारण अशी: खिडकीला कडी बसवू नये. गाडी अकरापर्यंत आली नाही तर फुलीची पट्टी कपाटात वरच्या खणात आहे, घंटा तिच्याच शेजारी. मणी ओवणारी मुलगी हात उताणा ठेवते तो बघावा, पहिल्यांदा फार हळू ठेवते. चमचा, टॉवेल आणि चेंडू यांच्या जोड्या हरवतात, दर सोमवारी मोजाव्यात. तुम्ही पुरुष असाल तर तुम्हाला मोठ्या गटातून बोलावणं येईल. जाताना पाण्याचा रिकामा कॅन घेऊन जावा. आणि मंगळवारी दुसरी व्हॅन उशिरा येते, तेव्हा चिमट्यांची पिशवी दाराशी असू द्यावी.